काटा हलला पाहिजे

थिएटरातले दिवे मंद व्हायला लागले की काटेवाले माझ्या बाजूला कलायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, "मास्तर, रिकामं किती?"

मी मास्तर नव्हतो. एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी केली. पण ज्याच्या हातात पुस्तक दिसेल तो मास्तर, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मी मनाला येईल तो आकडा सांगायचो.

"आज तीस किलो."

"एवढंच? मग मजेत आहात." मग स्वतःच्या पोटावर तळहात ठेवून, डोळे मिटून ते क्षणभर थांबत. "आपलं आज साठ. सकाळी हिच्याशी वाजलंय."

पिक्चर संपून दिवे लागले की दुसरा प्रश्न यायचा. "भरलेलं किती?" त्याचं उत्तर देईपर्यंत ते खुर्चीतून उठत नसत. झाडूवाली बाई पॉपकॉर्न गोळा करत आमच्या पायांपाशी येऊन उभी राहायची, तरी नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचा वजनकाटा होता. जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी चौथरा. त्यावर अख्खा ट्रक चढतो आणि शेजारच्या केबिनमध्ये आकडा उमटतो. गाडी आधी रिकामी येते, तिचं वजन होतं. मग माल भरून येते, पुन्हा वजन होतं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरतो तो माल. काटेवाल्यांच्या आयुष्यातलं सगळं तत्त्वज्ञान एवढ्या एका वजाबाकीत बसलेलं होतं, आणि ते त्यांनी पिक्चरला लावलं होतं. माणूस आत जाताना किती जड होता, बाहेर येताना किती. मधला फरक तेवढं पिक्चर. हलका होऊन आलात तरी चालेल, जड होऊन आलात तरी चालेल. आत जाताना होतं तेवढंच वजन बाहेर येताना भरलं, तर पैसे फुकट.

"काटा हलला पाहिजे," ते म्हणत. "वर जाऊ दे, खाली जाऊ दे, ते त्याचं तो बघेल. पण हलला पाहिजे."

आमची ओळखही पिक्चरमुळेच झाली. खांदेश्वरला आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. एका रविवारी मी जिन्यात वर्तमानपत्र उचलत होतो, तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "मी नाय येत. मागच्या वेळी ते राजेमहाराजांचं बघून तुमी तीन दिवस घोड्यांची काळजी करत बसला होता." काटेवाले दोन तिकिटं हातात घेऊन बाहेर आले. समोर मी.

"मास्तर, रिकामे आहात का?" त्यांनी विचारलं.

पुढे मला कळलं, की ह्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न साधा नसतो. त्या दिवशी मी नुसतं हो म्हटलं. तेव्हापासून वर्षानुवर्षं, लोखंड बाजाराला सुट्टी म्हणून दर रविवारी, पनवेलच्या मल्टिप्लेक्समधला सकाळचा खेळ आमचा ठरलेला. मी पुस्तकांतला माणूस. मला तोवर वाटायचं, की सिनेमा म्हणजे ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांची सोय.

घोड्यांची गोष्ट खरी होती. ऐतिहासिक पिक्चर म्हटलं की काटेवाल्यांच्या अंगावर काटा यायचा, घोषणेला ते खुर्चीतून अर्धे उठायचे, डोळे पुसायचे. पण बाहेर पडल्यावर त्यांचं मन वेगळ्याच ठिकाणी अडकलेलं असायचं. "एवढा वेढा पडला, महिनोन्महिने. जेवण कोण करत होतं? एवढी घोडी, त्यांना वैरण कोण टाकत होतं? एक बाई भाकरी थापताना दाखवली असती तर काय बिघडलं असतं?" सातारच्या बाजूचं त्यांचं गाव. तिथल्या गोठ्याची सवय मुंबईत, नव्या मुंबईत इतकी वर्षं काढूनही गेली नव्हती.

मारामारीच्या पिक्चरमध्ये त्यांना नायकाशी काही देणंघेणं नसे. ते ट्रक बघत. मारामारीच्या पिक्चरमध्ये एक तरी ट्रक उलटतोच, आणि तो उलटला की ते माझा दंड घट्ट धरत.

"टायर बघा, टायर. दबलेच नाहीत. रिकामी गाडी आहे. भरलेली गाडी अशी उडत नाय."

"अहो, सिनेमा आहे."

"सिनेमा आहे म्हणून काय झालं? आणि त्या ड्रायव्हरचं काय? त्याला कोणी बाहेर काढला का? हा हिरो निघाला पुढं गाणं म्हणायला."

प्रेमकथेत त्यांची तक्रार एकच, की ही माणसं कामाला कधी जातात. तरी प्रेमकथा त्यांना आवडायच्या, पण फक्त दोघं एकमेकांना भेटेपर्यंत. चुकामूक, अर्धवट राहिलेली वाक्यं, तिच्या गल्लीतून त्याच्या विनाकारण फेऱ्या, हे सगळं ते तोंड उघडं ठेवून बघत. ती दोघं भेटली की हात झाडत. "झालं. आता ह्यांचं आमच्यासारखंच." नट्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ती चाफेकळी नाकाची, ती रडवी, तो उंच, तो सारखा शर्ट काढणारा, एवढ्यावर त्यांचं भागत असे.

विनोदी पिक्चरला त्यांच्या शेजारी बसणं ही शिक्षा होती. सगळं थिएटर हसून लोळतंय आणि हे गंभीर. दुसऱ्या दिवशी दुपारी, काट्यावर ट्रक चढलेला असताना, एकदम हसत सुटायचे. ड्रायव्हरला वाटायचं, आपल्या गाडीतच काही विनोदी आहे. वहिनी म्हणायच्या, "ह्यांचं हसू एस्टीनं येतं."

रहस्यपट हा तर दर वेळी भांडणाचा विषय. पहिल्या दहा मिनिटांत ते खुनी ठरवून टाकत आणि माझ्या कानात सांगत. एकदाही बरोबर निघाले नाहीत. पण चुकले असं त्यांनी कधी मानलं नाही. एका पिक्चरमध्ये त्यांनी माळ्यावर संशय घेतला. शेवटी खुनी निघाला घरातला डॉक्टर. गाडीत बसल्यावर काटेवाल्यांनी पट्टा लावला, काच खाली केली. मग म्हणाले, "खून माळ्यानंच केलाय. डायरेक्टरला कळलं नाही."

"अहो, डॉक्टरनं कबुली दिली की."

"दबावाखाली दिली."

अवकाशातलं इंग्रजी पिक्चर त्यांनी एकदाच बघितलं. यानात माणसं तरंगायला लागली तसे ते अस्वस्थ झाले, आणि मध्यंतरात म्हणाले, "मास्तर, चला. जिथं वजनच नाय तिथं माझं काय काम?" अर्धं सोडून आलेलं हे आमचं एकमेव पिक्चर.

आणि एकदा मीच त्यांना एका चित्रपट महोत्सवात घेऊन गेलो होतो. परदेशी चित्रपट, संवाद जवळजवळ नाहीतच. एक म्हातारा दिवसभर घराचं छप्पर शाकारतो आणि संध्याकाळी पाऊस येत नाही. मला वाटलं, हे झोपतील. ते ताठ बसून राहिले. दिवे लागल्यावर त्यांनी मला विचारलं, "ह्यात काय झालं?"

"फारसं काही नाही," मी म्हटलं.

"मग मला एवढं जड का वाटतंय?" रागावल्यासारखं करून ते म्हणाले, आणि त्यानंतर आठवडाभर भेटेल त्याला त्या छपराची गोष्ट सांगत राहिले. सोसायटीच्या वॉचमनलाही. तो बिचारा विचारायचा, "फिर बारिश आया?" आणि काटेवाले विजयी मुद्रेनं म्हणायचे, "नहीं आया. वही तो बात है."

मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. काटेवाल्यांना मात्र खारे शेंगदाणे नसले तर पडदा नीट दिसत नसे. म्हणून शेंगदाण्यांची पुडी माझ्या पिशवीत, पुस्तकांच्या खाली. दारावरच्या पोऱ्यानं पिशवीत हात घातला की काटेवाले मध्ये पडत. "किताबें हैं. मास्तर आदमी है." मी खाली मान घालून उभा राहायचो. माझ्या सज्जनपणाचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणी करून घेतला नाही.

हे सगळं गमतीचं. पण वजनाच्या बाबतीत त्यांच्याकडे गंमत नव्हती. बाजारात त्यांची ख्याती होती, की ह्या काट्यावर सख्खा भाऊ गाडी घेऊन आला तरी आकडा तोच दिसेल. पिक्चरचंही तसंच. सोसायटीतल्या एका गृहस्थांचा पुतण्या मालिकेत झळकला, तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, कौतुक केलं. काटेवाल्यांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "पोरगा चांगला आहे. काम हललं नाय." त्या गृहस्थांनी पुढचं वर्षभर त्यांच्याशी लिफ्टमध्ये बोलणं टाकलं.

आणि अशा माणसाची मुलगी सिनेमात गेली.

चिमी तिचं घरातलं नाव. लहानपणी ती काट्याच्या केबिनमध्ये बसून गृहपाठ करायची. कॉमर्स अर्धवट टाकून ती पुण्याला एडिटिंग शिकायला गेली, तेव्हा घरात बरंच वादळ झालं. पण ते वादळ वहिनींचं होतं. काटेवाले मला म्हणाले, "ते एडिटिंग म्हणजे काय असतं ओ? म्हणजे कापायचं?" मी म्हटलं, कापायचं आणि जोडायचं, किती वेळ काय दाखवायचं ते ठरवायचं. ते म्हणाले, "म्हणजे काट्याचंच काम आहे," आणि त्यांचा विरोध संपला.

शिकून झाल्यावर ती अंधेरीत राहून कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काम करत होती. घरी आली की बापलेकीचा एकच विषय. आणि मग तिचं पहिलं स्वतंत्र पिक्चर आलं. एडिटर म्हणून तिचं एकटीचं नाव. मराठी पिक्चर, भुताचं.

भुताचं, ह्यातच सगळी पंचाईत होती. भुताच्या पिक्चरांबद्दल काटेवाल्यांचं मत सोसायटीत लहान मुलांनाही पाठ होतं. "भूत कामाचं काहीच करत नाय. दार वाजवणार, दिवा घालवणार, झोका हलवणार. एवढी ताकद आहे तर एखादी पाण्याची टाकी भर." ते कधी घाबरले नव्हते. आजूबाजूला लोक किंचाळत असताना हे शेंगदाण्याची सालं फुंकत बसायचे.

पिक्चर यायच्या आदल्या रविवारी चिमी घरी आली होती. मीही जेवायला होतो. भात वाढून घेता घेता ती म्हणाली, "पप्पा, एक प्रॉमिस करा. बघितल्यावर खरं सांगायचं. बाप म्हणून नाही, काटेवाला म्हणून."

"आणि काटा हलला नाय तर?" वहिनींनी विचारलं.

"तर नाही हलला म्हणायचं. मला बाकीचे सगळे छान छानच म्हणणारेत. एक तरी आकडा खरा पाहिजे ना मला."

काटेवाले ताटाकडे बघत म्हणाले, "दिला शब्द."

शुक्रवारी पहिल्या खेळाला अर्धी सोसायटी होती. काटेवाल्यांनी नवा कडक शर्ट घातला होता. आमच्या नेहमीच्या कोपऱ्यातल्या खुर्च्या सोडून आम्ही मधोमध बसलो. दिवे मंद झाले. मी वाट बघत राहिलो; पण "रिकामं किती" हा प्रश्न आला नाही. शेंगदाणेही पिशवीत तसेच राहिले. पडद्याच्या उजेडात मी दोनचारदा त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांचं तोंड पडद्याकडे नव्हतंच. मागच्या रांगेत कोण खोकलं, कोणी मोबाईल काढला, पुतण्यावाले गृहस्थ जांभई देतायत का, ह्याच्यावर पहारा चालला होता. शेवटी नावं सरकायला लागली, चिमीचं नाव आलं, आणि ते उभे राहून एकटेच टाळ्या वाजवायला लागले. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

चिमी अंधेरीहून येऊन बाहेर सरकत्या जिन्यापाशी उभी होती. लोक तिला भेटत होते, हात मिळवत होते. ती मान हलवत होती आणि बघत होती बापाकडे. गर्दी जरा पांगल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, किती?"

"एक नंबर," काटेवाले म्हणाले. "जबरदस्त. एकदम टॉप."

हे तिन्ही शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तिनंही नसावेत.

"काटा हलला?"

"हलला म्हणजे काय, पार..." त्यांनी हात वर नेला आणि त्या हाताचं पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना.

चिमीनं त्यांच्या शर्टाच्या कॉलरला लागलेला दोरा काढला. आवाज न चढवता ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला खोटं वजन दिलंत." मग आईला सांगितलं, की काम आहे, आज राहता येणार नाही, आणि जिन्यावर उभी राहून खाली गेली. घरी वहिनींनी सकाळपासून मटण शिजवून ठेवलं होतं. ते त्या रात्री आम्ही तिघांनी, एकमेकांकडे न बघता, खाल्लं.

"पिक्चर एवढं वाईट होतं?" मी जिन्यात त्यांना विचारलं.

"मास्तर," ते म्हणाले, "कुणाला माहीत? मी बघितलंच नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बेल वाजली. काटेवाले दारात. "चला."

"कुठे?"

"पुन्हा बघायचं. नीट बघायचं आणि तिला खरा आकडा द्यायचा. कपडे करा."

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. मी त्याच सुमाराला नोकरीतून मोकळा झालो होतो आणि त्यांनी आठवड्यापुरतं काट्यावर आपल्या पुतण्याला बसवलं होतं. पिक्चर चालत नव्हतं. दिवसातून एकच खेळ उरला होता, तोही सकाळचा, आणि कुठल्याही क्षणी निघणार होता. आम्ही रोज जात होतो. तिकीट देणारी मुलगी आम्हाला बघून हसायला लागली. दारावरचा पोऱ्या पिशवी तपासायचा थांबला. आणि काटेवाले परीक्षेला बसल्यासारखे, मुठी आवळून, पडद्याकडे बघत. मी रोज दिवे मंद झाले की मुद्दाम विचारायचो, "रिकामं किती?" आणि ते चडफडत म्हणायचे, "होत नाय ओ रिकामा."

शनिवारी त्यांनी सगळा वेळ जोड शोधण्यात घालवला. हे तिनं इथं कापलं, इथं जोडलं. रविवारी वहिनी बरोबर होत्या आणि त्या भुताला बघून "अगं आई" म्हणाल्या. तर हे खूश होऊन त्यांच्याकडेच बघत बसले. सोमवारी पूर्ण वेळ ह्यांच्या डोळ्यांसमोर चिमी काट्याच्या केबिनमध्ये गृहपाठ करताना. फोनवर ती आईशी बोलायची, ह्यांच्याशी नाही. ह्यांनी घेतला की, "मीटिंगमध्ये आहे, पप्पा."

मी एकदा म्हटलं, "पिक्चर बरं आहे, असं सांगून टाका. अगदी खोटं होणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचे दोन दिवस मत दिलं नाही.

गुरुवार उजाडला. शुक्रवारी नवीन पिक्चरं लागतात; हा शेवटचा खेळ. आणि नेमकं त्या दिवशी काट्यावर भांडण झालं. पुतण्याचा फोन आला म्हणून काटेवाले सकाळीच कळंबोलीला गेले. मी थिएटरच्या दाराशी तिकिटं घेऊन उभा. जाहिराती सुरू झाल्या तरी पत्ता नाही. मग ते धापा टाकत आले, शर्टाला ग्रीस, कपाळावर घाम, आणि खुर्चीत बसता बसताच सुरू झाले.

"काय माणसं असतात, मास्तर. भंगार भरायला आलेला. रिकाम्या गाडीचं वजन करताना ड्रायव्हरच्या केबिनमध्ये तीन माणसं लपवली. खाली वाकून बसलेली, सीटच्या मागं. म्हणजे रिकामी गाडीच जड दाखवायची आणि नंतर माणसं उतरवून माल जास्ती न्यायचा. मी दार उघडलं आणि म्हटलं, उतरा. सगळे उतरा. आधी माणसं उतरवा, मग..."

ते थांबले. पडद्यावर कुठल्याशा साबणाची जाहिरात चालली होती.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "मी पण माणसं बसवूनच गाडी चढवतोय की."

मग त्यांनी जे केलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण ऐकणारा हसेल. अंधारात त्यांनी हात पुढे केला, आपल्या छातीसमोर एक दार उघडल्यासारखं केलं, आणि पुटपुटले, "उतरा. सोसायटीवाले, उतरा. तो पुतण्यावाला, उतर. अगं तू पण उतर, घरी जा." एवढं वहिनींना. ते दार त्यांनी अजून धरूनच ठेवलं होतं. "चिमे, तू पण उतर बाळा. बाहेर थांब. मी आलोच."

त्यांनी दार लावून घेतलं. माझ्याकडे कलले. "मास्तर, रिकामं किती?"

"वीस," मी म्हटलं.

"आपलं शून्य," ते म्हणाले. "शेंगदाणे काढा."

पिक्चर सुरू झालं. थिएटरात आम्ही धरून पाचसहा माणसं. काटेवाले मागे रेलून, पाय लांब करून, नेहमीसारखे बघत होते. पहिल्या पंधरा मिनिटांत नायिकेच्या नवऱ्याला त्यांनी नालायक ठरवलं. भूत पहिल्यांदा दिसलं तेव्हा "टाकी भर म्हणावं" असं म्हणाले. आणि मग ते दृश्य आलं. मी ते आठवडाभर रोज बघत होतो आणि माझं त्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. घरातली बाई पाठमोरी भांडी घासते आहे. नळ चालू. तिच्या मागे स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं. बस्स. दारात कोणी नाही. संगीत नाही. ती एक ताट घासते, विसळते, दुसरं घेते. दार तसंच. अजून एक ताट. आता काहीतरी होईल असं वाटतं तिथे काही होत नाही, आणि दृश्य संपतही नाही.

शेजारी सालं फुंकण्याचा आवाज थांबला होता. मी बघितलं. काटेवाले खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. पडद्यावर बाईनं नळ बंद केला. त्या शांततेत काटेवाले ताडकन उभे राहिले आणि ओरडले, "अगं, ते दार लाव आधी!"

पुडी उडाली. शेंगदाणे पुढच्या तीन रांगांमध्ये टपटपत गेले. पुढे बसलेली दोन कॉलेजची पोरं आधी दचकली, मग हसत सुटली. काटेवाल्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी माझं मनगट पकडलं होतं आणि ते अजून त्या दाराकडेच बघत होते.

पिक्चर संपल्यावर ते "भरलेलं किती" विचारायला थांबले नाहीत. जिना सरकत असताना त्यावरून धावत खाली उतरले, मी मागे. गाडीपाशी पोचून त्यांनी फोन लावला. फोनवर त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकर नेहमी चालू.

"पप्पा, मी कामात आहे. नंतर..."

"ऐक. भांडी घासते ती. दार अर्धं उघडं. ते तू एवढा वेळ का धरून ठेवलंस ग?"

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली.

"कोण नाय, काय नाय. नुसता नळ. चिमे, मी घाबरलो."

"खोटं."

"मास्तरांना विचार."

"शेंगदाणे सांडले," मी फोनच्या दिशेनं म्हटलं.

"किती?"

"सगळे," काटेवाले म्हणाले.

पलीकडून एक आवाज आला. हसली का रडली ते मला कळलं नाही. काटेवाले मात्र थांबले नाहीत. "आणि अजून ऐक. शेवट हलका आहे. भूत बाहेर येऊन नाचायला लागल्यावर काटा हलत नाय. तिथं माल नाय. हे पण खरं वजन आहे, दोन्ही लिहून घे."

"माहितेय," चिमी म्हणाली. "तिथं मला कापू दिलं नाही, पप्पा. मी भांडले होते त्यावरनं. भांड्यांच्या सीनवरनंही भांडले. तो निम्मा करा म्हणत होते सगळे."

"निम्मा केला असता तर मी घाबरलो नसतो."

"हेच मी म्हणत होते ना त्यांना," ती म्हणाली. आणि मग, "आई मटण करेल का रविवारी?"

त्यानंतर चिमीचं प्रत्येक काम ते असंच बघत. आत जाण्याआधी सगळ्यांना उतरवायचे, दार लावायचे. ती कधी खूश व्हायची, कधी चार दिवस धुसफुसायची, पण आकडा मागायची त्यांच्याकडेच.

काटेवाले गेल्या पावसाळ्यात गेले. काट्यावरच, खुर्चीत बसल्या बसल्या. बाजार एक दिवस बंद राहिला. त्या दिवसानंतर मी थिएटरात पाऊल टाकलं नव्हतं. रविवारी सकाळी मी पुस्तक घेऊन बसायचो आणि तेच पान परत परत वाचायचो.

मागच्या महिन्यात चिमीचं नवीन पिक्चर आलं. ती स्वतः मला न्यायला आली. "मास्तरकाका, कपडे करा," दारात उभी राहून म्हणाली, अगदी बापाच्या सुरात. पनवेलचं तेच थिएटर, कोपऱ्यातल्या त्याच खुर्च्या. पिशवीत, पुस्तकांच्या खाली, पुडी होती. सवयीनं मीच ठेवली होती.

दिवे मंद झाले. ती माझ्या बाजूला कलली.

"रिकामं किती?"

मी डोळे मिटले. एकेकाला उतरवायचा मनापासून प्रयत्न केला. सगळे उतरले, पण एक माणूस सीटवर ठाण मांडून बसला होता, कडक नवा शर्ट घालून, पाय लांब करून.

"चिमे," मी म्हटलं, "एक जण उतरतच नाहीये."

तिनं माझ्या पिशवीत हात घालून पुडी काढली, सोडली, आणि आमच्या दोघांच्या मध्ये धरली.

"बसू दे त्यांना," ती म्हणाली. "पिक्चर बघायला आलेत."